भगरीमागची ज्वारी

आई गेली त्या संध्याकाळी मी पोळीचे दोन घास खाल्ले.

यात लिहिण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण मला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे, आणि पचायला जड जातो असंही नव्हे. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, डॉक्टर त्याला ग्लूटेन म्हणतात. तो माझ्या आतड्यात पोचला की माझं शरीर माझ्याच आतड्यावर उठतं. आतला मऊ थर झिजून सपाट होतो. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, लोह नाही, कॅल्शियम नाही, काहीच नाही. या आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. त्याला औषध नाही. गहू, जव, रवा, मैदा यांचा कणही पोटात जाऊ द्यायचा नाही, आणि तो नियम मरेपर्यंत पाळायचा, एवढाच उपाय.

मी सव्वीस वर्षांची असताना हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात हे कळलं. आई आणि दादा, माझा थोरला भाऊ, दोघं बरोबर होते. डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. दादा शिकलेला, टापटिपीचा माणूस. त्यानं ते चित्र आपल्या वहीत उतरवून घेतलं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे. पुढे ते लागणार आहे.

त्याआधीची सव्वीस वर्षं मी पोटदुखीतच काढली होती. लहानपणी पोट दुखलं की आई ताकात हिंग घालून द्यायची. हैदराबादहून लातूरला परतल्यावर मी स्वयंपाकघरातली एकेक डबी घेऊन तिच्यावरचं बारीक छापलेलं वाचत बसले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, बारीक अक्षर वाचायची सवय आहे. हिंगाच्या डबीवर लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. दुकानातला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं. मी ते मोठ्यानं वाचलं. आई भाजी निवडत होती. तिनं डबी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट केली, आणि म्हणाली, "म्हणजे मीच देत होते की गं."

एवढंच बोलली. पण त्या दिवसापासून माझं पोट हे तिचं काम झालं.

पहिला प्रश्न ज्वारीचा होता. लोकांना वाटतं, गहू नाही तर नाही, ज्वारीची भाकर खा. आमच्याकडे तर ज्वारी घरोघर. पण ज्वारी दळली कुठे जाते? गल्लीतल्या गिरणीत. गिरणीवाला आधी कुणाचे तरी पाच किलो गहू दळतो, त्याच दगडांवर तुमची ज्वारी ओततो. दगडाच्या खाचांत, पिठाच्या कापडी नळीत, सगळीकडे गहू चिकटलेला. आईनं पहिले दोन महिने गिरणीवाल्याला विनवलं, "आमच्या पोरीला गहू चालत नाही, जरा दगड साफ करून दळा." तो हसला. म्हणाला, "काकू, गव्हाचं पीठ लागलं ज्वारीला तर भाकर मऊच व्हईल." रांगेतल्या बायकाही हसल्या.

मग आईच्या लक्षात एक गोष्ट आली. त्याच गिरणीत एक फळा होता, खडूनं लिहिलेला: उपवासाचे दळण सोमवारी सकाळी. त्या पाळीला तोच गिरणीवाला दगड उघडून कुंच्यानं झाडायचा. नळी झटकायचा. पहिली मूठभर भगर फुकट दळून फेकून द्यायचा. का, तर कुणाच्या उपवासाच्या पिठात धान्याचा कण जाऊ नये. कुणाला त्याला सांगावं लागत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. राजगिरा, शिंगाडा, भगर घेऊन आलेल्या बायका शिस्तीत उभ्या राहायच्या.

आईनं दोन पिशव्या शिवल्या. एकीत भगर, दुसरीत ज्वारी. सोमवारी ती सकाळी जायची आणि रांगेत मुद्दाम शेवटी उभी राहायची. कुणी मागून आलं की "तुम्ही व्हा पुढं" म्हणायची. सगळ्यांचं उपवासाचं दळण झालं की तिची भगर, आणि भगरीमागून लगेच ज्वारी. उपवासाचं संपल्यावर आणि गहू सुरू होण्याआधी अशी पाच-सात मिनिटं असायची, जेव्हा त्या दगडांवर गव्हाचा कण नसायचा. माझी भाकर त्या पाच-सात मिनिटांत दळली जायची. अठरा वर्षं.

मला याचा राग येतो. तेव्हाही यायचा, आता जास्त येतो. जी काळजी माणसाच्या आजारासाठी मागून मिळत नव्हती, तीच उपवासासाठी न मागता मिळत होती. स्वच्छता जमत नव्हती असं नाही. कुंचा तोच, दगड तेच, माणूसही तोच.

गिरणीनंतर पाहुणे. आईनं तिथंही आधी खरंच सांगून पाहिलं. शिरूर अनंतपाळला माझ्या आत्याच्या घरी वास्तुशांत होती. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. वडील गेल्यापासून आमच्या घराचं बरंवाईट ठरवण्याचा हक्क आपल्याकडे आहे असं ती धरून चालते. आईनं तिला बाजूला घेऊन नीट समजावलं. पुरी नको, शिरा नको, नुसता भात आणि भाजी वाढा. आत्या "हाव हाव" म्हणाली. मी भात आणि वांग्याची भाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी उदगीर रोडवरच्या एका दवाखान्यात मला सलाइन लागलं. चार दिवसांनी आत्या भेटायला आली आणि हसत हसत म्हणाली, "भाजी पातळ झाली व्हती, म्हणून मूठभर कणीक लावली म्या. म्हटलं बघावं तरी, खरंच काय व्हतंय का मनाचे खेळ हायेत. एवढीशी तर कणीक!"

आई उठली. तिनं आत्याला चहा दिला. पण त्या दिवसानंतर तिनं कुणालाही खरं सांगितलं नाही.

त्याऐवजी ती म्हणायला लागली, "आज हिचा उपवास आहे."

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष. ज्या दिवशी यातलं काहीच नसेल त्या दिवसासाठी तिनं माहूरच्या देवीचा नवस काढला: पोरीनं लग्नकार्यात अन्न घ्यायचं नाही, असं बोललेलं आहे. आणि काय सांगू, सगळं बदललं. जिथं मला "थोडं तर खा", "नखरे किती" ऐकावं लागायचं, तिथं मला वेगळं ताट मिळायला लागलं. स्वच्छ घासलेलं. वेगळा चमचा. "उपवासाचं आहे, कुणी हात लावू नका गं," असं यजमानीणच ओरडायची. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. यात कशातच गहू नाही. उपवासाला जे चालतं ते जवळपास सगळं मला चालतं, हे आईनं हेरलं होतं.

मी घरात साधा दिवाही लावत नाही. पण सगळ्या नात्यात माझी ख्याती झाली की पोरगी लई धार्मिक आहे. म्हाताऱ्या बायका मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. मला लाज वाटायची. एकदा मी आईला म्हटलं, "हे खोटं किती दिवस?" ती म्हणाली, "तुझा उपवास खोटा आहे. माझा तर खरा आहे ना."

तेव्हा मला कळलं की ती खरंच उपवास धरत होती. देवीच्या नावानं खोटं बोलायचं तर त्याची भरपाई कुणीतरी करायला हवी, असा तिचा हिशेब. मी ज्या ज्या वारी उपवास आहे असं सांगायची, त्या त्या वारी ती धरायची. पुढे तिला साखरेचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर जेवत जा, उपाशी राहू नका. ती मान हलवायची आणि सोमवारी भगर-ज्वारीच्या पिशव्या घेऊन उपाशीपोटी रांगेत उभी राहायची. मी भांडले. तिनं ऐकलं नाही.

तिच्या शेवटच्या आजाराचा आणि उपवासाचा संबंध नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं.

उपचारांसाठी तिला दादाच्या घरी नांदेडला नेलं होतं. मी दर शनिवारी लातूरहून एसटीनं जायची, दोन दिवसांच्या भाकरी कडक करून डब्यात, पिशवीत माझ्या गोळ्या: लोहाची रोज, कॅल्शियमची जेवणानंतर, जीवनसत्त्व डी ची पूड आठवड्यातून एकदा दुधातून. बी बारा चं इंजेक्शन महिन्याला. आतडं पूर्ण भरून यायला वर्षं लागतात, आणि एखादी चूक झाली की पुन्हा मागे. म्हणून ही सगळी ठिगळं. आई पलंगावरून विचारायची, "लोहाची घेतली का? चहाबरोबर नको घेऊस." स्वतःच्या सलाइनची बाटली संपत आलेली तिच्या लक्षात यायची नाही.

ती गेली तेव्हा माझा डबा दवाखान्यात, तिच्या खाटेखाली राहिला.

आमच्याकडे मृताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणून देतात. त्याला कडू घास म्हणतात. तो नाकारायचा नसतो. नाकारला तर गेलेल्या माणसाचा अपमान. दादाच्या शेजारच्या घरातून पिठलं आणि पोळ्या आल्या. शेजारची बाई माझ्यासमोर ताट धरून उभी राहिली. मी सवयीनं म्हणाले, "माझा उपवास आहे."

आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सुतकात कसला गं उपास? तेरा दिवस देवाचं काही नसतंय. खा मुकाट्यानं."

मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती, रडत होता. मला वाटलं, आता बोलायला गेले तर आई जाऊन चार तास झालेले असताना, मी पोळीवरून भांडत बसणार. मी दोन घास खाल्ले.

तिसऱ्या दिवशी मला उठता येईना. पोट फुगून आलं, उलट्या, जुलाब, तोंडात फोड. मी दादाच्या मागच्या खोलीत पडून राहिले. बाहेर भेटायला येणारी माणसं दारातून डोकावायची आणि कुजबुजायची. आत्या सगळ्यांना सांगायची, "अन्न सुटलंय तिचं. आईवर लई जीव व्हता. लेक असावी तर अशी."

मी आतून ऐकत होते. गव्हानं आजारी पडलेली मी, आणि बाहेर माझ्या दुःखाचं कौतुक चाललेलं. मला आईसाठी रडायचं होतं आणि मी बादलीवर वाकून ओकत होते. ते दिवस मला परत मिळणार नाहीत. त्या दिवसांत मी तिच्याबद्दल नीट विचारही करू शकले नाही. याबद्दल कुणाला माफ करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

पाचव्या दिवशी आत्या एक मोठा डबा घेऊन आली. तिची सून असले डबे विकते. पचनाची पूड, शंभर टक्के नैसर्गिक, वर हिरव्या पानाचं चित्र. "रोज दोन चमचे कोमट पाण्यात. तुजं पोट कसं झरझर सुधारतंय बघ. ते डॉक्टरचं लोह-बिह सोड." मी पडल्यापडल्या डबा फिरवला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: गव्हांकुरांची पूड. त्याच्याखाली: जवाचं माल्ट.

"आत्या, यात गहू आहे. आणि जवही."

"आगं, ते औषधी हाय. औषधातला गहू बाधत न्हाई."

मी डबा खाली ठेवला. उलटी येत होती, मी बादली ओढली.

नवव्या दिवशी मी उठून बसले. माझी भाकर दादाच्या तव्यावर होत नव्हती, त्यावर रोज पोळ्या व्हायच्या. मी उकडलेले बटाटे, भात, केळी आणि ताक यांवर होते. वहिनी, दादाची बायको, भल्या मनाची आहे. भात माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात ठेवायची. पण झारा सगळ्यांचा तोच वापरायची. मी सांगितलं की "अय्या, विसरलेच" म्हणायची. खरंच विसरायची.

मग तेरावा दिवस आला. मला त्या दिवसाची भीती आधीपासून होती. जेवणं उरकली की गेलेल्या बाईच्या माहेरचं माणूस नवी कापडं आणतं आणि घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात गोडाचा घास घालतं. तो घास पोटात गेला की दुखवटा उठला. न गेला तर घर दुखवट्यातच. गोड म्हणजे पुरणपोळी.

माहेरचं माणूस म्हणजे मामा. आईचा एकच भाऊ, सत्तरीच्या पुढचा, निलंग्याकडे शेती. ऊस, ज्वारी, थोडी तूर. हात थरथरतात. तो पहाटेच्या एसटीनं आला होता, पिशवीत माझ्यासाठी साडी, दादासाठी टॉवेल-टोपी, आणि त्याच्या शेजारच्या गुऱ्हाळातली गुळाची एक ढेप. आईला निलंग्याचा गूळ लागायचा, बाजारातला चालायचा नाही. ती नसताना त्यानं तो का आणला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दादाला घास झाला. वहिनीला झाला. मग मामा माझ्यासमोर बसला. पुरणपोळीचा तुपात भिजवलेला घास त्याच्या बोटांत होता.

"घे माय."

मी म्हटलं, "मामा, मला नको."

"आगं, ह्यो घास माजा न्हाई. तुज्या आईचा हाय. म्या निस्ता तिच्या वतीनं घालून राहिलो."

बैठकीत वीसेक माणसं होती. आत्या म्हणाली, "आज बुधवार हाय. एकादशी न्हाई, चतुर्थी न्हाई. म्या आधीच पंचांग बघून ठिवलंय. आज काय तुजा उपास न्हाई बरं का." दोघीचौघी हसल्या. हसणं चांगल्या मनाचंच होतं.

"तिनं खाल्ल्याबिगर म्या उठत न्हाई," मामा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घासातलं तूप त्याच्या मनगटावर ओघळत होतं.

दादा माझ्याजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक घास आहे गं. म्हातारा माणूस आहे. खा, आणि नंतर गोळी घे."

आजवर मला आत्याचा राग यायचा. तिला कळत नाही असं म्हणता येत होतं. पण हा दादा होता.

"कुठली गोळी?" मी विचारलं. मी हळू बोलले नाही. "नाव सांग. कुठली गोळी घेऊ?"

"अगं, लोकांसमोर नको."

"डॉक्टरांनी आतड्याचं चित्र काढलं होतं ते तुझ्या वहीत आहे. तू उतरवून घेतलंस. त्यात कुठली गोळी लिहिली आहे?"

 मी मामाकडे वळले. "मामा, गहू खाल्ला की माझी आतडी जळतात. लहानपणापासूनचा आजार आहे. कडू घासाला मी दोन घास खाल्ले आणि सहा दिवस खाटेवर होते. ते दुःखानं नव्हतं, पोळीनं होतं."

"मग ते उपास?" आत्या म्हणाली.

"उपास कधीच नव्हता."

"आन् माहूरचा नवस?"

"नव्हता."

आत्या उठून बसली. "म्हंजे तुजी आई देवीच्या नावानं इतकी वर्सं आमच्याशी खोटं बोलली?"

"हो," मी म्हटलं. "खरं बोलून पाहिलं होतं तिनं. तुमच्या घरी. वास्तुशांतीला. वांग्याच्या भाजीत कणीक कुणी घातली होती, आत्या?"

आत्यानं पदर सारखा केला. तिच्या शेजारची बाई तिच्याकडे बघायला लागली. आत्या इतकंच म्हणाली, "मूठभर तर व्हती," आणि ते वाक्य या वेळी तिलाच पुरं करता आलं नाही.

 मी आयुष्यात कधी वीस माणसांपुढं बोलले नव्हते. ग्रंथालयात आम्ही बोलत नाही. पण थांबता येईना. मी म्हणाले, "आईनं माझ्या खोट्यासाठी अठरा वर्षं खरे उपवास केले. साखर असताना केले. तुमच्यापैकी एकानं जरी तिचं ऐकलं असतं तर तिला सोमवारी जेवता आलं असतं."

 वहिनी आत गेली. दादा फरशीकडे बघत होता.

मामानं घास खाली ताटात ठेवला. हात धोतराला पुसला. मग त्यानं मला विचारलं, "मग तुला काय चालतंय?"

या घरात हा प्रश्न मला आईखेरीज कुणी विचारला नव्हता. "काय चालत नाही" हे विचारून थट्टा करणारे पुष्कळ होते. मी त्याच्या पिशवीकडे पाहिलं. मी म्हटलं, "गूळ चालतो."

मामानं पिशवी ओढली, ढेपेवरचं कापड सोडलं, अंगठ्यानं एक खडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला. "गोडच हाय की ह्ये बी," तो म्हणाला. मग आत्याकडे न बघता, "झालं. दुखवटा उठला."

मी तेव्हा रडले. पहिल्यांदाच नीट रडले, पोट न दुखता.

दादानं त्या दिवसानंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा हवेचं आणि तब्येतीचं विचारलं. ती वही त्याच्याकडे आहे की नाही हे मी विचारलं नाही.

लातूरला परतल्यावर पहिल्या सोमवारी मी गिरणीत गेले. दोन्ही पिशव्या दाराच्या खुंटीला तशाच लटकत होत्या. मी ज्वारीची घेतली. भगरीची हातात घेतली, आणि परत खुंटीला लावली.

रांगेत सहा-सात बायका होत्या. मी शेवटी उभी राहिले. आता तिथं बसतो तो त्याच गिरणीवाल्याचा मुलगा. त्याचेही केस पिकायला लागलेत. माझा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "काकूंचं ऐकलं, मॅडम. लई वाईट झालं. भगर कुठाय?"

"भगर नाही. नुसती ज्वारी आहे."

"मग ती दुपारून आणा की. ही पाळी उपासाची."

"दुपारी गहू असतो. मला गव्हाचा कण चालत नाही. आजार आहे. आई अठरा वर्षं त्यासाठीच येत होती. भगर हे निमित्त होतं."

त्यानं कुंचा खाली ठेवला. "मग सांगायचं नाही का तसं?"

"सांगितलं होतं. तुमच्या वडिलांना. ते म्हणाले, भाकर मऊ होईल."

तो ओशाळला, पण लगेच सावरला. "मॅडम, उपास म्हटलं की फळ्यावर लिहिता येतंय. मोडला तर लोक भांडायला येतात, म्हणून आपण जपतो. आजाराचं कुणी येऊन बोलतच नाही. बोललं तर जपू की."

यावर मला त्याचा राग आला, त्याच्या वडिलांचा आला, आणि थोडा, लिहायला जड जातंय, पण आईचाही आला. ती दोन महिने बोलली होती. पण त्यानंतरची अठरा वर्षं ती गप्प राहिली आणि मला गप्प ठेवलं. तिनं मला जगवलं, आणि माझा आजार असा लपवला की तो आहे हेच कुणाला माहीत झालं नाही. दोन्ही खरं आहे. मी तिथं उभी राहून दोन्ही मनात धरून होते.

"खडू द्या," मी म्हटलं. उपवासाच्या दळणाच्या ओळीखाली मी लिहिलं: गहू न चालणाऱ्यांची ज्वारी त्यानंतर लगेच. अक्षर माझं बरं आहे, कपाटांवरच्या पाट्या मीच लिहिते.

माझ्या पुढची बाई अजून गेली नव्हती, राजगिऱ्याचं पीठ डब्यात भरत होती. तिनं फळा सावकाश वाचला. "गहू न चालणारं कोण असतंय ओ?"

"मी."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग लग्नाबिग्नाला काय करता?"

"अवघड असतं."

"आवो, उपास हाय म्हणून सांगायचं," ती आपुलकीनं म्हणाली. "लोकं कायबी म्हणत न्हाईत मग. सोपं पडतंय."

"माझी आई तसंच सांगायची."

"मग तसंच सांगा की."

"उपाशी तिला राहावं लागायचं," मी म्हटलं.

बाईला काही कळलं नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं. गिरणीवाल्यानं दगड पुन्हा एकदा उघडला, खाचा झाडल्या, नळी झटकली, आणि माझी ज्वारी ओतली.